एमबीए कशासाठी? आधी उत्तर की आधी प्रवेश?

साशंक : पूर्णवेळ एमबीएला निघालेल्या प्रत्येकाला मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : एमबीए कशासाठी? माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. हिंजवडीत किंवा ऐरोलीत तीन वर्षं नोकरी केलेल्या पंचविशीतल्या इंजिनिअरचं खरं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं, की इथून बाहेर पडायचंय. काम तेच तेच झालंय, पगार दरवर्षी थोडा सरकतो, आणि वरच्या माणसाकडे पाहिलं की आणखी दहा वर्षांनी आपण कुठे असू ते आजच दिसतं. हे उत्तर मुलाखतीत चालत नाही. म्हणून क्लासमध्ये दुसरं उत्तर बसवून घेतलं जातं : तंत्रज्ञान आणि व्यवसाय यांच्यातला दुवा व्हायचंय. हेच वाक्य थोड्याफार फरकाने हजारो जण म्हणतात. नोव्हेंबरअखेरच्या रविवारी सुमारे तीन लाख मुलं आयआयएमच्या प्रवेशाची कॅट देतात, आणि अहमदाबादच्या आयआयएमच्या मुख्य अभ्यासक्रमात जागा चारशेच्या आसपास. परीक्षा दोन तासांची. इंग्रजी आकलन, तर्क आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी चाळीस मिनिटं. त्यासाठी ऑफिसनंतर क्लास, रविवारी मॉक, मग पर्सेंटाइल, मग मुलाखतीचा ‘कॉल’ येतो की नाही याची धास्ती. वर्ष फुकट गेलं तर पुन्हा तेच. एवढी शक्ती ज्या गोष्टीसाठी खर्च होते, ती कशासाठी हवी आहे हे शेवटपर्यंत पाठ केलेल्या वाक्यातच राहतं. मला हे फार काळजीचं वाटतं.

आग्रही : ‘इथून बाहेर पडायचंय’ हे कारण तुम्ही कमी का लेखता? आपल्याकडे इंजिनिअरिंगला जायचं हा निर्णय सतराव्या वर्षी होतो, आणि तो बहुतेक घरांत मार्क करतात. चांगले मार्क पडले, गणित जमतं, शेजारच्या दादाला नोकरी लागली, एवढ्यावर चार वर्षं ठरतात. पुढे कॅम्पसवर जी कंपनी पहिली आली तिच्यात नोकरी. पंचविसाव्या वर्षी यातलीच एखादी मुलगी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जबाबदारीवर, पहिल्यांदा ठरवते की मला काय शिकायचं. त्या निर्णयाची सुरुवात नकारातून झाली म्हणून तो खोटा ठरत नाही.

आणि शिकायला मिळतं ते काय, हे एकदा जवळून बघा. केसमधून शिकवण्याची पद्धत अहमदाबादने साठच्या दशकात हार्वर्डच्या सहकार्यातून आणली. समजा, केस एका पंप बनवणाऱ्या कारखान्याची आहे. विक्री वाढतेय, हिशेबात नफा दिसतोय, आणि तरीही दर महिन्याला पगार करायला ओव्हरड्राफ्ट काढावा लागतो. सीए झालेली मुलगी दाखवते की डीलरांकडची उधारी ४५ दिवसांवरून ९० वर गेली आहे. विक्रीत चार वर्षं काढलेला म्हणतो, उधारी दिली नाही तर डीलर मालच उचलत नाही. पाऊस लांबला की शेतकऱ्याकडून त्याचेच पैसे येत नाहीत. इंजिनिअर विचारतो, गोदामात चाळीस प्रकारचे पंप पडून आहेत, त्यातले किती खरोखर खपतात? मग सैन्यातून आलेला अधिकारी एकच प्रश्न टाकतो : विक्रीच्या माणसांना इन्सेंटिव्ह कशावर मिळतो, बिल फाडल्यावर की वसुली झाल्यावर? तिथे सगळी चर्चा फिरते. हिशेब, बाजार, उत्पादन आणि माणसं हे चार विषय नाहीत, एकच प्रश्न चार बाजूंनी दिसतोय, हे त्या इंजिनिअरला त्या दिवशी कळतं. नोकरीत त्याला फक्त स्वतःची बाजू दिसत होती. संध्याकाळी दोन तास देऊन हे होत नाही. चारही जण दिवसभर एका छताखाली असावे लागतात, म्हणून पूर्णवेळ.

साशंक : तुमचं उदाहरण चांगलं आहे, आणि त्यातच माझी शंका आहे. वर्ग सुटला, सगळे जेवायला गेले. त्या विक्रीच्या माणसाला समोर बसवून ‘तुझा इन्सेंटिव्ह आजपासून वसुलीवर’ असं सांगायची वेळ त्यांच्यातल्या कुणावरच आली नाही. त्याने राजीनामा दिला, जाताना दोन मोठे डीलर सोबत नेले, हेही कुणी भोगलं नाही. कॅनडातले व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ साली ‘मॅनेजर्स नॉट एमबीएज’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. व्यवस्थापन हा अनुभवातून येणारा व्यवहार आहे. ज्याने ते कधी केलंच नाही त्याला ते वर्गात शिकवता येत नाही, असं ते म्हणतात. त्यांनी नुसती टीका केली नाही, कामावर असलेल्या मॅनेजरांसाठी वेगळा अभ्यासक्रमही उभा केला. आता आपल्या आयआयएमचे वर्ग बघा. बऱ्याच जणांचा अनुभव दोन-तीन वर्षांचा, काही तर कॉलेजमधून थेट आलेले. हाताखाली एक माणूसही न सांभाळलेली मुलं कंपनीच्या अध्यक्षाने काय करावं हे सांगायला शिकतात.

आपल्याच मातीत बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. उद्योग काय, माणसं कशी जोडायची, उधारी कुठवर द्यायची, हे त्यांना कामानेच शिकवलं. हिशेब आणि बाजार शिकायचाच असेल तर नोकरी चालू ठेवून संध्याकाळचा, शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम आहे. शिकलेलं सोमवारी सकाळी वापरून बघता येतं आणि चुकलं तर तिथेच कळतं. पूर्णवेळ शिक्षणात हीच सोय नाही.

आग्रही : प्रवरेचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. विखे पाटलांच्या बरोबरीने तिथे धनंजयराव गाडगीळ होते. केंब्रिजला शिकलेले अर्थतज्ज्ञ, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, आणि त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष. भांडवल कसं उभारायचं, शेतकऱ्याचा हिस्सा कसा राखायचा, सरकार आणि बँक यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे ज्ञान बाहेरून आलं आणि मातीतल्या अनुभवाला भेटलं. दोन्ही होतं म्हणून १९५०–५१ ला गाळप सुरू झालं. मला पूर्णवेळ एमबीएकडून नेमकी हीच अपेक्षा आहे. अनुभवाची जागा ती घेऊ शकत नाही, हे मान्य. पण दहा वर्षांचा अनुभव एका खात्यात गेला तर तो दहा वर्षं तेच शिकवतो.

मिंट्झबर्गबद्दल एक सांगतो. त्यांचा अभ्यासक्रम आधीच मॅनेजर असलेल्यांसाठी आहे. तिथवर पोचायचं कसं, हा माझ्या डोळ्यांसमोरच्या मुलीचा प्रश्न आहे. तिच्या कंपनीत कोडिंग आणि टेस्टिंग यांच्यापलीकडे जे निर्णय होतात, ग्राहक कोण, किंमत किती, कुठला धंदा बंद करायचा, त्या खोलीत तिला बोलावलंच जात नाही. शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम तिला ज्ञान देईल, पण तिची खुर्ची तीच राहील, कारण कंपनीच्या नजरेत ती टेस्टिंगचीच. रूळ बदलायचा तर एकदा थांबावं लागतं. शिवाय पूर्णवेळ मुलांसाठी ज्या कंपन्या कॅम्पसवर येतात, त्या संध्याकाळच्या वर्गाकडे सहसा फिरकत नाहीत. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण आहे हे असं आहे.

साशंक : म्हणजे फिरून आपण शिक्क्यापाशी आलो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं, की पदवीने कौशल्य अजिबात वाढलं नाही तरी तिला बाजारात किंमत येऊ शकते, कारण ती मिळवणं अवघड असतं आणि त्यातून मिळवणाऱ्याची कुवत दिसते. पुढे त्याला नोबेलही मिळालं. ही मांडणी एमबीएला लावून बघा. नव्व्याण्णव पर्सेंटाइल ज्या दिवशी जाहीर झाला, त्याच दिवशी कंपन्यांना हवी ती खूण मिळाली. मग पुढची दोन वर्षं आणि फी कशासाठी?

फीचं तर नीटच बोलू या, कारण आकडे टाळून हा विषय बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. वरच्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी आज २५ लाखांच्या आसपास जाते. घरून थोडे पैसे आले असं धरून २० लाखांचं कर्ज घेतलं, व्याज ९ टक्के आणि मुदत १० वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण २५ हजार ३०० रुपये येतो. एकूण फेड ३० लाखांच्या वर. शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज यात धरलेलंच नाही. शिवाय वर्षाला ९ लाखांची नोकरी सोडली असेल, तर बुडालेला पगार १८ लाख, करापूर्वी. आता मला सांगा, हा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी कॅम्पसवर काय निवडेल? दूध संघाच्या पशुखाद्य विभागात तिला खरा रस आहे, पण तिथला पगार निम्मा आहे. ती सल्लागार कंपनीत किंवा बँकेतच जाणार. निवडीला वाव मिळावा म्हणून ती आली, आणि वाव घेऊन गेला तो हप्ता.

याच्याही आधीची गोष्ट सांगतो. वर्ग जूनमध्ये सुरू होतात. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी कंपन्या येतात त्या दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे मार्केटिंग आवडतं की फायनान्स, हे कळण्याइतका अभ्यास व्हायच्या आधीच सीव्ही तयार करायचा, कंपन्या निवडायच्या, मुलाखती द्यायच्या. पुढची कायमची नोकरी बऱ्याचदा त्याच इंटर्नशिपमधून ठरते, पीपीओ, म्हणजे त्याच कंपनीची कायमच्या नोकरीची ऑफर, मिळाला की प्रश्न मिटला. दिशा शोधायला आलेल्या मुलांना शोधायला वेळ मिळतो चार-पाच महिने.

आग्रही : हप्त्याचा आणि इंटर्नशिपचा, हे दोन्ही मुद्दे मला खोडता येत नाहीत. दुसरा तर मलाच सर्वांत जास्त खटकतो. संस्थांनी ठरवलं तर त्या हे बदलू शकतात. पण ‘एमबीए म्हणजे २५ लाख’ हे समीकरण सरसकट धरू नका. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने काढली. तिथली फी वरच्या आयआयएमच्या जवळपासही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या एफएमएसची तर त्याहूनही कमी आहे. महाराष्ट्राच्या सीईटीतून राज्यातल्या कितीतरी संस्थांत प्रवेश मिळतो; त्या परीक्षेत दोनशे प्रश्न, अडीच तास, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. ज्याला एकच वर्ष सोडायचंय त्याच्यासाठी हैदराबादचं आयएसबी आहे. फी आयआयएमपेक्षाही जास्त, पण पगार एकाच वर्षाचा बुडतो. वरच्या संस्थांना बँका तारणाशिवाय कर्ज देतात, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर बऱ्याच आयआयएम फीमध्ये सवलत देतात. अर्ज करण्याआधी प्रत्येक संस्थेचा हा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. तो न मांडता नुसत्या क्रमवारीकडे बघून अर्ज भरले जातात, ही मात्र खरी चूक आहे.

राहिला शिक्का. शिक्क्याची गरज कुणाला असते? ज्याचा काका कंपनीत आहे, ज्याच्या शाळेतले मित्र आज बँकांमध्ये आहेत, त्याची ओळख शिक्क्याशिवाय होते. चंद्रपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजमधून आलेल्या मुलीची ओळख कोण करून देणार? तिला कुवत सिद्ध करायला एक सार्वजनिक परीक्षा आणि एक मान्य संस्था लागते. स्पेन्सचा सिद्धान्त तिला लावला तर तो एमबीएच्या बाजूनेच बोलतो. वर्गात तिच्या शेजारी जी माणसं बसतील, ती पुढची तीस वर्षं तिचा फोन उचलतील. ज्यांना हे घरातूनच मिळालंय, त्यांना याचं मोल कळणं अवघड आहे.

साशंक : या मुलीचं तुम्ही नाव काढलंत ते बरं झालं, कारण मला तिच्याबद्दलच बोलायचंय. तिच्यासाठी हे दार खरंच किती उघडं आहे? अर्जाचा फॉर्म उघडा. पहिल्याच पानांवर दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, पदवीचे टक्के. कित्येक आयआयएममध्ये मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना कॅटच्या गुणांबरोबर हे जुने गुणही मोजतात. म्हणजे पंधराव्या वर्षी घरात आजारपण होतं, किंवा गावातल्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते, त्याचा हिशेब पंचविसाव्या वर्षी होतो. राखीव जागा आहेत, आणि त्या हव्यातच. पण त्याही घरातली भाषा बदलत नाहीत.

मग ती मुलाखतीला बसते. तीन जण समोर. एमबीए कशासाठी? पाच वर्षांनी कुठे असाल? नेमकं हेच क्षेत्र का? या प्रश्नांची चांगली उत्तरं कोण देतं? ज्याच्या घरी जेवताना प्रायव्हेट इक्विटी, ब्रँड, सप्लाय चेन हे शब्द ऐकू येतात तो. त्याने ती कामं करणारी माणसं पाहिलेली असतात, म्हणून त्याचं उद्दिष्ट स्पष्ट असतं. तिने पाहिलेले साहेब म्हणजे तहसीलदार, बँकेचा मॅनेजर आणि स्वतःचा टीम लीड. तिला कुठे जायचंय हे सांगता येत नाही, कारण ती जागा तिने पाहिलेलीच नाही. म्हणजे ज्याला एमबीएची गरज सर्वांत कमी, तो ‘कशासाठी’चं उत्तर सर्वांत चांगलं देतो. आणि जिला गरज सर्वांत जास्त, तिचं उत्तर अडखळतं. जी स्पष्टता हा अभ्यासक्रम द्यायचा दावा करतो, तीच तो आत शिरण्याची अट म्हणून मागतो. हा अन्याय मला फीपेक्षाही मोठा वाटतो.

आग्रही : हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. मीही यावर बराच विचार केला आहे आणि पुरतं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली, अर्ज करण्याच्या काळात ही स्पष्टता थोडी तरी मिळवता येते, आणि ती क्लासमधून येत नाही. तिने स्वतःच्याच कंपनीतल्या प्री-सेल्सच्या, फायनान्सच्या माणसाला गाठून विचारावं, की तुमचा मंगळवार कसा जातो? सकाळी काय करता, कुणाचा फोन येतो, कशाने झोप उडते? ज्या क्षेत्रात जायचं म्हणतो त्यातल्या दोन कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचावेत. ते संकेतस्थळावर फुकट मिळतात. कॉलेजमधली एखादी सीनियर बी-स्कूलला गेली असेल तर तिला पहिल्या वर्षाबद्दल विचारावं, पॅकेजबद्दल नंतर. असं केलं की उत्तर बदलतं. ‘दुवा व्हायचंय’ असं म्हणणारी मुलगी मग म्हणते, ‘आमच्या प्रॉडक्टची किंमत कोण ठरवतं हे तीन वर्षांत मला कळलं नाही आणि मला ती ठरवायला शिकायचंय.’ हे वाक्य तिचं स्वतःचं आहे, मुलाखत घेणाऱ्यालाही ते ऐकू येतं. काहींना याच शोधात असंही कळतं, की हवं ते काम कंपनीतल्याच दुसऱ्या टीममध्ये मिळेल, एमबीएची गरज नाही. तोही अर्जाचाच फायदा मानायला हवा.

दुसरी गोष्ट, उत्तरं अडखळली तरी मुलाखत घेणारे शिक्षक असतात. मुलाखतीत अनेकदा तिच्या कामाबद्दल, तिच्या गावातल्या पिकाबद्दल, पदवीच्या विषयाबद्दल विचारतात. तिथे ती खरी उभी राहते. पण ही व्यवस्था माणसांच्या चांगुलपणावर सोडलेली आहे, हे मला मान्य आहे.

साशंक : तुमचा मंगळवारचा प्रश्न मला पटला, आणि मीही एक पाऊल मागे घेतो. ‘पगारासाठी एमबीए’ हे उत्तर मी आजवर हलकं मानत होतो. पण ज्या घरात बहिणीचं शिक्षण बाकी आहे, शेतीवर कर्ज आहे, वडिलांची नोकरी कंत्राटी आहे, तिथे पगार वाढणं म्हणजेच स्वातंत्र्य. त्या मुलीने दूध संघाचं काम सोडून बँक निवडली तर तिची निवड हुकली असं म्हणायचा मला अधिकार नाही. तिने पहिल्यांदाच कुटुंबाला उसंत मिळवून दिली. मग मुलाखतीत तिला हे सरळ बोलता का येऊ नये? पगार हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं, संस्था स्वतःच्या जाहिरातीत सरासरी पॅकेज छापतात, आणि उमेदवाराने मात्र समाज, नेतृत्व, प्रभाव यांच्याबद्दल बोलायचं. प्रामाणिक उत्तराला जागा नसेल तर पाठ केलेलं उत्तरच येणार.

पण यातूनच माझा प्रश्न जास्त टोकदार होतो. पगारासाठी जाणाऱ्याने हिशेब कडक ठेवायला हवा. सरासरी पॅकेजला भुलू नये, कारण दोन-चार मोठे आकडे सरासरी वर खेचतात. अर्ध्या मुलांना ज्याच्या खाली मिळालं तो मधला आकडा विचारावा, आणि शेवटच्या काही जणांना किती मिळालं हेही. त्या शेवटच्या आकड्यावर आपला हप्ता भरता येतो का, हे बघूनच कर्ज घ्यावं. वर्ष मंदीचं निघालं तर आपण वर्गात कुठे असू, हे कुणाच्याच हातात नसतं.

आग्रही : हे मी मुलांना जसंच्या तसं सांगेन. पण थोडं पुढे गेलं पाहिजे. आपण दोघं मघापासून अर्जदाराकडूनच खात्री मागतोय : तिला दिशा माहीत हवी, हिशेब माहीत हवा, स्वतःचा कल माहीत हवा. पंचविसाव्या वर्षी हे सगळं ठाऊक असलेला माणूस मला दाखवा. विद्यापीठाचं एक काम असंही होतं, की ज्याला अजून कळलेलं नाही त्याला शोधायला जागा द्यायची. दोन वर्षं कुणाच्याही उपयोगी न पडता शिकायचं, चुकीचा विषय घ्यायचा, तो सोडायचा, ज्या माणसांशी आपलं पटत नाही त्यांच्याबरोबर रात्री दोनला प्रोजेक्ट संपवायचा. स्पष्टता यातून येते. ती आधीच घेऊन या असं म्हटलं, तर शिक्षण आणि भरती यांत फरक काय राहिला?

साशंक : फरक राहावा असं मलाही वाटतं. पण शोधायला जागा द्यायची तर ती परवडणारी हवी. तुमच्या चर्चगेटच्या किंवा दिल्लीच्या फीमध्ये एखादी म्हणू शकते, ‘मला अजून नक्की माहीत नाही, येऊन बघते.’ चुकलं तर ती दोन-तीन वर्षांत सावरेल. २५ लाखांत ते वाक्य म्हणणं धाडसाचं आहे, आणि त्या धाडसाची किंमत पुढची दहा वर्षं तिचंच घर मोजणार. अभ्यासक्रम जितका महाग, तितकी अर्जदाराच्या मनातली अनिश्चितता धोक्याची ठरते. मला फीचा खरा दोष इथे दिसतो. ती वाढली की शंका बाळगण्याचा हक्क फक्त ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्याकडे राहतो. बाकीच्यांनी आधी खात्री करून यायचं, किंवा खात्री आहे असं दाखवायचं.

आग्रही : इथे आपलं जवळजवळ एकमत आहे, आणि तरीही तिने काय करावं यावर नाही. तुमचं बोलणं शेवटपर्यंत नेलं, तर जिला खात्री नाही आणि पैसाही नाही तिने महागड्या संस्थेत अर्जच करू नये. आणि त्याच संस्था आज देशातल्या मोठ्या कंपन्यांची वरची पदं भरतात. मग त्या खोल्यांत नेहमी तीच घरं बसतील, जी आजवर बसत आली. तिने धोका पत्करू नये असं म्हणताना आपण तिला सुरक्षित ठेवतो, आणि बाहेरही ठेवतो.

साशंक : आणि तिने धोका पत्करावा असं म्हणताना आपण व्यवस्थेचा दोष तिच्या हप्त्यात घालतो. मी तिला अर्ज करू नको म्हणणार नाही. फॉर्म भर, परीक्षा दे, त्या मंगळवारांबद्दल विचारून ये. पण कॉल येण्याआधी, मन स्थिर असताना, एक आकडा कागदावर लिही : याच्यापेक्षा जास्त कर्ज मी घेणार नाही. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात तो आकडा ठरवायला बसलीस तर तो प्रवेशाच्या फीइतकाच निघेल.

आग्रही : आकडा तिने लिहावाच. पण त्याच्या शेजारी आणखी एक ओळ लिहावी : आज माझ्यासाठी कोणतं दार बंद आहे, आणि ते याशिवाय दुसऱ्या कशाने उघडतं का? दुसरा मार्ग सापडला तर तुमचा आकडा पाळावा. नाही सापडला, तर तो आकडा किती ताणायचा हे ना तुम्ही ठरवू शकता ना मी. तिथे मी तिला ताण म्हणेन.

साशंक : आणि मी थांब म्हणेन. निदान त्याच संस्थेला आधी विचार म्हणेन, की ज्या शंकेसाठी मी तुमच्याकडे येतेय, तिचा सगळा खर्च मी एकटीनेच का उचलायचा?